रायतूरची पाठशाळा व क्रिस्तपुराणांतील प्रश्नकर्ता

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाविषयीं मराठींत आजवर जें लिहिलें गेलें, त्यांतील पुष्कळसा भाग एकाच आश्चर्याभोंवतीं घोटाळत राहिला आहे. इंग्लंडांत जन्मलेला एक मनुष्य वयाच्या सुमारें तिसाव्या वर्षीं गोव्यास उतरतो, परक्या देशाची भाषा आत्मसात करतो, आणि त्या भाषेंत सुमारें अकरा हजार ओव्यांचें पुराण रचून तें छापवितो, ही गोष्ट आश्चर्याची आहे यांत शंका नाहीं. परंतु आश्चर्य व्यक्त केल्यानें ग्रंथाचें परीक्षण होत नाहीं. तो ग्रंथ कोणत्या ठिकाणीं, कोणत्या श्रोत्यांपुढें व कोणाच्या साह्यानें सिद्ध झाला, हा प्रश्न विचारल्याखेरीज त्याचें खरें मोल कळणार नाहीं. ग्रंथकर्त्याच्या भाषाप्रेमाचे गोडवे गाणाऱ्यांनीं हा प्रश्न विचारला नाहीं. आणि परधर्मप्रसाराचें एक साधन म्हणून ग्रंथाकडे पाठ फिरविणाऱ्यांनींही तो विचारला नाहीं. दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दोघांसही ग्रंथामागें केवळ एक पाद्री दिसतो, पाठशाळा दिसत नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्हांस इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, क्रिस्तपुराण हें जितकें एका व्यक्तीच्या प्रतिभेचें, तितकेंच एका पाठशाळेचें फळ आहे; आणि त्या पाठशाळेंत विद्येची देवघेव एकाच दिशेनें चालत नव्हती.

प्रथम स्थळाचा विचार करूं. गोवें शहरांत ख्रिस्ती धर्मोपदेशक तयार करण्यासाठीं इ. स. १५४१ पासून जी संस्था उभी राहिली, ती पुढें जेझुइट संघाच्या हातीं जाऊन सेंट पॉलचें विद्यालय म्हणून प्रसिद्धीस आली. १५५६ मध्यें हिंदुस्थानांतील पहिलें मुद्रणयंत्र याच ठिकाणीं सुरू झालें. साष्टी प्रांतासाठीं संघानें १५७४ मध्यें मडगांवीं वेगळें विद्यालय काढलें. तें पुढें रायतूरास, म्हणजे आजच्या राचोलास, आलें; तेथील नव्या इमारतीचा पाया १ नोव्हेंबर १६०६ या दिवशीं घातला गेला. या एका आवारांत अनेक कामें चालत. गांवोगांवच्या मुलांस अक्षरओळख, दोत्रीन म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरें, आणि गायन शिकविलें जाई. आणि यूरोपांतून नव्यानें आलेल्या पाद्रींस साष्टीची भाषा शिकावी लागे. १६०६ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेनेंही ग्रामधर्मगुरूंस देशभाषेचें ज्ञान असलेंच पाहिजे असा आग्रह धरला. म्हणजे एकाच छपराखालीं मुलें पाद्रींपाशीं धर्म शिकत होतीं, आणि पाद्री त्या मुलांच्या भाषेचे धडे घेत होते. गुरु कोण व शिष्य कोण, याचें उत्तर विषयागणिक बदलत असे.

परंतु या चित्रास दुसरी बाजू आहे, व ती झांकून ठेवणें इतिहासास शोभणारें नाहीं. साष्टींतील देवालयें १५६७ च्या सुमारास पाडलीं गेलीं, तीं याच रायतूरच्या किल्लेदाराच्या हुकुमानें. लोकांच्या घरचे धार्मिक ग्रंथ जप्त होत होते, जुन्या पुराणांचें वाचन निषिद्ध झालें होतें, आणि १५६० पासून गोव्यांत धर्मन्यायासनाचें काम सुरू होतें. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळीस पांच जेझुइट पाद्री मारले गेले, व त्याच्या बदल्यांत गांवच्या प्रमुखांवर जो प्रसंग आला तो सर्वश्रुत आहे. रायतूरची पाठशाळा शांत तपोवनांत वसली नव्हती. जेथें एका हातानें पोथी हिरावून घेतली जात होती, तेथेंच दुसऱ्या हातानें पाटी दिली जात होती. क्रिस्तपुराण वाचतांना हे दोन्ही हात दृष्टीपुढें ठेवावे लागतात.

अशा प्रदेशांत स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं उतरले व १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, बहुतांशीं साष्टींतच राहिले. १५८३ मध्यें आपल्या बंधूस धाडलेल्या पत्रांत त्यांनीं या देशांतील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे असें नमूद केलें आहे. येऊन चारच वर्षें झालेल्या मनुष्याचें हें निरीक्षण आहे. तें पुस्तकांतून आलेलें नाहीं, कारण या भाषांचें छापील व्याकरण त्या काळीं अस्तित्वांतच नव्हतें. या भाषेचें जें व्याकरण रायतूरास १६४० मध्यें छापलें गेलें, तें खुद्द स्टीफन्स यांचेंच असून त्यावर दियोगु रिबैरु यांनीं संस्कार केले होते. अर्थात् स्टीफन्स शिकले ते माणसांपाशीं. तीं माणसें कोण होतीं, हें त्यांच्या कोणत्याही चरित्रकारानें मुख्य प्रश्न म्हणून हातीं घेतलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर देणारें सर्वांत जवळचें साधन म्हणजे खुद्द क्रिस्तपुराण होय. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वरू आहेत. पहिल्या पुराणाच्या आरंभींच ग्रंथाचें निमित्त सांगितलें आहे. साष्टींत दोत्रीन चालली असतां एक ब्राह्मण पाद्रीस विनंति करतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा कीं, तुम्ही शिकवितां तें चांगलेंच आहे. परंतु आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें कांहीं आम्हांस कां देत नाहीं? लोकांनीं फावल्या वेळीं वाचावें काय? या विनंतीवरून पाद्री कथा सांगूं लागतो. पुढेंही अधूनमधून श्रोते शंका काढतात व कथा तेवढ्यापुरती थांबते.

यावर एक आक्षेप येईल, व तो वजनदार आहे. प्रश्नानें कथेस आरंभ करणें हा आपल्या पुराणांचा जुनाच संकेत आहे. शौनक सूतास विचारतो, जनमेजय वैशंपायनास विचारतो, आणि मग कथा सुरू होते. स्टीफन्स यांनीं हा सांचा उचलला, इतकेंच. त्यावरून साष्टींत खरोखर कोणी ब्राह्मण उठून बोलला असें कसें धरावें? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. सांचा पुराणांचाच आहे. परंतु सांच्यांत ओतलेला मजकूर पाहावा. पुराणांतील प्रश्नकर्ता पुण्यकथा ऐकण्याच्या इच्छेनें विचारतो. वक्त्यानें आपलें कांहीं हिरावून घेतलें अशी तक्रार तो करीत नाहीं. येथील प्रश्नांत बंदीचा उल्लेख आहे, उणीव दाखविली आहे, आणि भरपाईची मागणी आहे. असा प्रश्न कोणत्याही जुन्या पुराणांत सांपडणार नाहीं, कारण तशी परिस्थितीच तेथें नाहीं. विशिष्ट दिवशीं विशिष्ट मनुष्य हेंच बोलला, असा आमचा दावा नाहीं. परंतु अशी तक्रार दोत्रिनींत वारंवार कानीं पडत असली पाहिजे. नाहींपेक्षां ग्रंथाची मूळ प्रेरणा म्हणून ती सांगण्याचें ग्रंथकर्त्यास कांहींच कारण नव्हतें. आपल्या संघाच्या धोरणांतील उणीव शिष्याच्या तोंडून ग्रंथाच्या आरंभींच वदविणें हें कोणत्याही उपदेशकास सोयीचें नसतें. गैरसोयीची गोष्ट जेव्हां ग्रंथकार आपण होऊन नोंदवितो, तेव्हां इतिहासकारानें तिला अधिक वजन द्यावें, हा साधनपरीक्षणाचा सामान्य नियम येथेंही लागू पडतो.

कोणी विचारावें व कोणी उत्तर द्यावें, ही बाब त्या काळच्या धर्मशिक्षणांत क्षुल्लक नव्हती. पोर्तुगालांत मार्कुश जॉर्ज यांची जी बालबोध धर्मप्रश्नोत्तरी जेझुइट पाठशाळांतून चालत असे, तींत गुरु प्रश्न विचारी व मूल पाठ केलेलें उत्तर देई. याच संघानें जपानांत १५९१ च्या सुमारास ती प्रश्नोत्तरी त्या देशाच्या भाषेंत छापली, तेव्हां मात्र हा क्रम उलटविला. तेथें शिष्य विचारतो व गुरु सांगतो. पाठशाळा कोणत्या देशांत आहे हें पाहून गुरुशिष्यांच्या भूमिका बदलणें संघास अवगत होतें, हें यावरून सिद्ध होतें. स्टीफन्स यांनींही मुलांसाठीं संवादरूप दोत्रीन तयार केली. ती त्यांच्या पश्चात् १६२२ मध्यें रायतूरास छापली गेली. परंतु दोत्रिनीचा उपयोग पाठांतरासाठीं होता. शिष्यास जेथें मन मोकळें करण्यास जागा मिळाली, असा ग्रंथ क्रिस्तपुराणच होय.

आतां भाषेकडे वळूं. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेंत कर्त्यानें सांगितलें आहे कीं, ग्रंथ मराठींत लिहिला असला, तरी निव्वळ शुद्ध मराठी येथील सामान्य लोकांस समजत नसल्यामुळें तींत स्थानिक ब्राह्मणी बोलीचे सोपे शब्द मिसळले आहेत. हें विधान भाषाशास्त्रज्ञांनीं बोलीच्या चर्चेसाठीं पुष्कळ वेळां वापरलें आहे. आम्ही त्याकडे वेगळ्या अंगानें पाहतों. कोणता शब्द श्रोत्यांस कळत नाहीं, हें वक्त्यास केव्हां कळतें? श्रोता सांगेल तेव्हां, किंवा त्याची मुद्रा सांगेल तेव्हां. म्हणजे हें विधान वर्गांतील अनुभवाचा उतारा आहे. शिष्यांनीं गुरूची भाषा दुरुस्त केली, व गुरूनें ती दुरुस्ती छापून मान्य केली.

ओवीची चाल, पुराणिकाच्या बोलण्याची ढब, वर्णनांतील उपमांची रास, हीं कानांनीं शिकावयाचीं आहेत. ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या पुराणें वाचलीं गेलीं अशा लोकांशीं दीर्घ सहवास घडल्यावांचून तीं साधत नाहींत. या सहवासाचा लेखी पुरावाही आहे. पोर्तुगालांतील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत रोमन लिपींतील कांहीं बाडें आहेत. त्यांत रामायण-महाभारतांतील कथा कोंकणी गद्यांत व जुनें मराठी काव्य उतरून घेतलेलें आहे. मारियानु साल्दान्या व अ. का. प्रियोळकर यांनीं त्यांकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. जीं पुराणें साष्टीच्या घरांत ठेवणें धोक्याचें झालें होतें, तींच पाद्रींच्या भाषाभ्यासासाठीं परक्या लिपींत काळजीपूर्वक उतरविलीं गेलीं. हें काम देशी जाणकाराच्या साह्यावांचून होणें शक्य नाहीं. कोणी तरी म्हणून दाखविलें असेल, कोणी तरी अर्थ सांगितला असेल. त्यांचीं नांवें बाडांवर नाहींत. परंतु हे अनामिक लोक क्रिस्तपुराणकर्त्याच्या पिढीचे गुरु होत, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

येथें पाठभेदाचा प्रश्न उपस्थित होतो, व हस्तलिखितसंग्राहकांस त्याचें महत्त्व विशेष आहे. क्रिस्तपुराण १६१६ मध्यें रायतूरास रोमन लिपींत छापलें गेलें. देशी अक्षरांत छापण्याची इच्छा स्टीफन्स यांस नव्हती असें नाहीं. १६०८ मध्यें संघाच्या प्रमुखास धाडलेल्या पत्रांत त्यांनीं तशी परवानगी मागितली आहे. देशी लिपीचीं जोडाक्षरांसह सुमारें ६०० रूपें होतात, परंतु तीं सुमारें २०० ठशांत बसवितां येतील, असा हिशेबही दिला आहे. तें साधलें नाहीं. पहिल्या आवृत्तीची, किंवा पुढें सतराव्या शतकांतच निघालेल्या आवृत्त्यांचीही, एकही प्रत उपलब्ध नाहीं. १९०७ मध्यें जे. एल. साल्डाना यांनीं मंगळुरास जी आवृत्ति काढली, ती हस्तलिखितांवरून सिद्ध केली आहे. पुढें जस्टिन अ‍ॅबट यांनीं लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत उजेडांत आणली, व १९२३ मध्यें लेख लिहून तीच मूळ संहिता होय असें प्रतिपादन केलें. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं साल्डाना यांची संहिता देवनागरींत आणून पुण्याहून प्रसिद्ध केली, व तेव्हांपासून सामान्य मराठी वाचकास ग्रंथ सुलभ झाला. या तिघांचे उपकार मोठे आहेत.

अ‍ॅबट यांचा सिद्धांत मात्र आम्हांस जसाच्या तसा मान्य करवत नाहीं. मार्सडेन प्रतींत रोमन संहितेंतील परकी धर्मपरिभाषा पुष्कळ ठिकाणीं गळून तिच्या जागीं संस्कृत शब्द आले आहेत, आणि भाषाही अधिक प्रौढ मराठीकडे झुकलेली आहे. देवनागरी आहे म्हणून मूळ, किंवा शुद्ध आहे म्हणून जुनी, हें अनुमान सुटसुटीत असलें तरी पुरेसें नाहीं. जाणत्या लेखकानें मागाहून शुद्ध केलेल्या प्रतीही आपल्या संग्रहांत कमी नाहींत. आमच्या मतें ‘मूळ कोणती’ यापेक्षां ‘कोणासाठीं कोणती’ हा प्रश्न येथें अधिक फलदायी आहे. पाद्रींच्या शाळेंत रोमन अक्षरें गिरविलेल्या वाचकास एक प्रत उपयोगी, व जुन्या पद्धतीनें देवनागरी शिकलेल्या, पुराणिकी भाषेशीं परिचित असलेल्या वाचकास दुसरी. हें आमचें अनुमान आहे. पाठांची ओवीवार तुलना झाल्यावर तें टिकेल किंवा कोसळेल. परंतु टिकल्यास असें ठरेल कीं, ग्रंथाची संहिता त्याच्या वाचकांनींही घडविली.

आमच्या विवेचनावरून रायतूरच्या पाठशाळेचें गुणगान करण्याचा आमचा हेतु आहे असा ग्रह कोणीं करून घेऊं नये. तेथें शिष्यास प्रश्न विचारतां येत होता, परंतु गुरूच्या आसनावर बसतां येत नव्हतें. जेझुइट संघानें त्या काळांत देशी मनुष्यास आपल्यांत घेतल्याचें उदाहरण पेद्रु लुईश या १५७५ मध्यें प्रविष्ट झालेल्या दाक्षिणात्य ब्राह्मणाचें सांगतात. तो मार्ग पुढें खुला राहिला नाहीं. दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रु हा ख्रिस्ती ब्राह्मण गोव्यांत धर्मगुरूची दीक्षा मिळेना म्हणून रोमपर्यंत गेला, व १६३७ मध्यें तेथें त्यास बिशपपद मिळालें. परंतु गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं त्यास अखेरपर्यंत मानलें नाहीं. ज्यांच्यापाशीं भाषा शिकावयाची, त्यांसच त्या भाषेंत धर्म सांगण्याचा पूर्ण अधिकार द्यावयाचा नाहीं, ही त्या व्यवस्थेंतील विसंगति होती. स्टीफन्स यांचा व्यक्तिगत सौजन्यगुण कितीही मानला, तरी त्यानें ती भरून निघत नाहीं. क्रिस्तपुराणांतील ब्राह्मण प्रश्न विचारतो, आणि मग सारा ग्रंथ पाद्री बोलतो. त्या ब्राह्मणास नांव नाहीं. ग्रंथाची ही रचना व पाठशाळेची ती रचना एकमेकींशीं जुळतात.

पुढें देवघेवीची हीही वाट बंद झाली. १६८४ मध्यें गोव्याच्या व्हाइसरॉयानें लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असें फर्मान काढलें. १७५९ मध्यें खुद्द जेझुइटांचीच पोर्तुगीज राज्यांतून हकालपट्टी झाली. रायतूरची वास्तु नंतर धर्मप्रांताच्या ताब्यांत येऊन तेथें धर्मगुरु तयार करणारें विद्यालय सुरू झालें, व तें आजही चालू आहे. ग्रंथ मात्र छापखान्यांतून निघून पुन्हां हस्तलिखितांत गेला, आणि गोवें व मंगळूर या बाजूंच्या ख्रिस्ती घरांतून नकला करून, वाचून दाखवून लोकांनीं तो जतन केला. विनंति करणाऱ्या ब्राह्मणानें लोकांसाठीं वाचण्यास कांहीं मागितलें होतें. लोकांनीं तें पिढ्यान्‌पिढ्या वाचलें.

म्हणून शेवटीं आमच्या वाचकांपैकीं जे हस्तलिखितांचा शोध करतात त्यांस एक विनंति आहे. गोवें, कारवार, मंगळूर या भागांत रोमन अक्षरांतील जुनें बाड हातीं आल्यास, तें ‘किरिस्तांवांचें’ अथवा ‘मराठी नव्हे’ म्हणून बाजूस सारूं नये. पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंतची संहिता उतरून घेऊनही थांबूं नये. नकल कोणीं, कोठें व कोणासाठीं केली, समासांत कोणत्या शब्दाचा अर्थ लिहिला आहे, कोणत्या अवस्वरूचीं पानें हाताळून मळलीं आहेत, कोठें शब्द खोडून दुसरा घातला आहे, या सर्वांची टिपणें ठेवावीं. संपादकांस आजवर या गोष्टी गौण वाटल्या, कारण त्यांचें लक्ष ग्रंथकर्त्यावर होतें. पाठशाळेचा इतिहास लिहावयाचा तर याच गोष्टी प्रधान ठरतात. ज्यांनीं स्टीफन्स यांस शब्द पुरविले, ज्यांनीं त्यांस प्रश्न विचारले, आणि ज्यांनीं त्यांचा ग्रंथ वाचून जगविला, त्यांच्यापैकीं एकाचें जरी नांव एखाद्या समासांत सांपडलें, तरी क्रिस्तपुराणाच्या अभ्यासांत तो लाभ नव्या आवृत्तीइतकाच मोठा होईल.